दानदाता शिवदास गमरे

त्या रविवारी शिवदास गमरेच्या हातात माइक आला नसता, तर पुढचा तमाशा झालाच नसता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात माइक हाती यायची ही त्याची दुसरी वेळ. पहिल्या वेळी, चौथीत असताना, तो पंधरा ऑगस्टचं भाषण अर्ध्यात विसरून रडला होता. या वेळी रडायला खरं कारण होतं. त्याचे वडील, सीताराम गमरे, मंगळवारी गेले होते, आणि बोरीवलीत गाववाल्यांच्या मंडळाच्या विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चालला होता.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. वंदना होते, चार माणसं गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात, आणि मग त्याच्या स्मरणार्थ दान जाहीर होतं. कुणी विहाराला पाचशे एक, कुणी गावच्या शाळेला हजार. मंडळाचे सचिव लहू कासारे वहीत लिहून घेतात आणि माइकवरून खणखणीत वाचतात. शिवदासने पाच हजार ठरवून ठेवले होते. एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क असलेल्या माणसाला पाच हजार शोभतात. पण त्याच्या आधी मुलुंडच्या आतेभावाचं नाव पुकारलं गेलं, आणि आतेभावाने पाच हजार एक दिले.

त्या एका रुपयाने घात केला.

"बाबांना," शिवदास माइकवर म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला, "बाबांना थंड पाणी फार आवडायचं. त्यांच्या स्मरणार्थ मी या विहाराला वॉटर कूलर देतो. स्टीलचा." सभागृह गप्प झालं. शांतता सहन न होऊन तो पुढे बोलला, "फिल्टरसकट."

"साधु, साधु, साधु!" अख्खं सभागृह म्हणालं. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईने, द्रौपदीबाईंनी, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. शिवदासला वाटलं, आईला अभिमान वाटला. त्याला त्या दिवशी बरंच काही वाटत होतं.

एवढी छाती फुगायला कारण होतं विम्याचं. सीतारामबाबा आरेच्या दूध डेअरीत नोकरीला असताना त्यांनी एक पॉलिसी काढली होती, जन्मभराची. माणूस गेल्यावर पैसे. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी तो कागद ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा समोरच्या फ्लॅटमधले निमेशभाई नेमके भेटायला आले होते. निमेशभाईंचं दुकान प्लास्टिकच्या डब्यांचं, पण सल्ला ते सगळ्या विषयांवर देतात.

"तीन लाख, वर बोनस," त्यांनी कागद उन्हात धरून सांगितलं. "डेथ क्लेम ना? पंधरा दिवस, शिवदासभाई. मॅक्सिमम. माझ्या सासऱ्यांचा तर त्यांच्या चपला दारातून हलवायच्या आधी आला होता."

मरण तसं महाग नसतं हो. स्मशानात फारसं काही लागलंच नाही. खर्च येतो तो मागे जिवंत राहतात त्यांचा. हॉस्पिटलचं शेवटचं बिल, शववाहिनी, मंडप, खुर्च्या, फ्रेम केलेला फोटो, आणि अडीचशे माणसांचं जेवण. जेवणाचं काम रतन केटररला दिलं. शिवदासने वरण-भात, भाजी, पुरी सांगितली होती. निमेशभाई म्हणाले, एवढा मोठा माणूस गेला आणि गोड नाही? मग जिलेबी आली. जिलेबी एकटी कशी वाढायची, म्हणून मठ्ठा आला. शेवटी शिवदासची बायको दर्शना हिने हातातल्या बांगड्या काढून दिल्या, त्या सोनेतारण कर्जाला गेल्या.

"पंधरा दिवस म्हणालात ना?" दर्शना म्हणाली. "मी मोजणार आहे हां."

"अगं, पैसे आलेच समज."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सोळाव्या दिवशी दर्शनाने रिकामे हात पुढे करून दाखवले आणि पोळ्या लाटायला गेली.

विमा ऑफिसात कल्पिता मॅडम म्हणून एक बाई होत्या. फार गोड बोलायच्या. ज्यांच्यावर ओरडता येत नाही अशा गोड माणसांनीच ऑफिसं चालवली पाहिजेत, असं शिवदासला स्वतः क्लार्क असल्यामुळे वाटायचं. आता खिडकीच्या उलट्या बाजूला उभं राहिल्यावर त्याचं मत बदललं. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, नॉमिनी पत्नी आहेत, तेव्हा आजींना घेऊन या. दुसऱ्या खेपेला आजींना नेलं, तर आजींचं बँक खातं झोपलेलं निघालं. ते उठवायला बँकेत गेले, तर मशीन आजींच्या बोटाचा ठसा घेईना. पन्नास वर्षं भांडी घासून रेषाच उरल्या नव्हत्या. बँकेतल्या पोरीने दहाही बोटं एकेक करून दाबून पाहिली. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली.

आई या सगळ्यात एक शब्द बोलत नव्हती. नेईल तिथे यायची, बसवील तिथे बसायची. संध्याकाळी घरी आली की फ्रिजमधलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून बाबांच्या फोटोसमोर ठेवायची आणि थोड्या वेळाने स्वतःच पिऊन टाकायची. शिवदास ते बघायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

नॉमिनी म्हणजे कागदावरचं नाव, असंच तो धरून चालला होता. त्या तीन लाखांचा हिशेब त्याने मनात कधीच मांडला होता. आईला विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बँकेत करंगळीचा शोध चालू असतानाच त्याच्या फोनवर मंडळाकडून एक फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, 'बघून ओके करा.' शिवदासने न बघता ओके केलं. जगातली निम्मी संकटं या ओकेने आलेली आहेत. पुढच्या आठवड्यात विहाराच्या पायऱ्यांशेजारी संगमरवरी पाटी बसली. वर बारीक अक्षरात 'कालकथित सीताराम धाकू गमरे यांच्या स्मरणार्थ', आणि खाली वीतभर सोनेरी अक्षरांत 'दानदाता शिवदास सीताराम गमरे'. पाटीच्या खाली भिंतीतून पाण्याचे दोन पाइप बाहेर आलेले, त्यांना बुचं मारलेली, शेजारी विजेचा प्लग. कूलर सोडून सगळं होतं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी एका पाइपला छत्री अडकवली. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पाइपला पिशवी.

एप्रिलच्या उन्हात माणसं यायची, पाटी वाचायची, खाली बघायची, पुन्हा पाटी वाचायची. शिवदासने हे एकदाच रस्त्यापलीकडून पाहिलं. एक म्हातारी पेला घेऊन आली होती. तिने बूच फिरवून पाहिलं आणि निघून गेली. शिवदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचं मरण निदान एकदाच झालं, त्याचं रोज होऊ लागलं.

त्यात कल्पिता मॅडमनी शेवटचा कागद काढला. "सर, फाइल पूर्ण झाली. फक्त हा एक फॉर्म. अंत्यविधीला स्वतः हजर असलेल्या एका माणसाने भरायचा. नातेवाईक नको."

"नातेवाईक नको?"

"बाहेरचा पाहिजे सर. ज्याने डोळ्यांनी बघितलंय."

हे वाचायला सोपं वाटतं. पण आपल्या मंडळात बाहेरचं कोण असतं सांगा. ज्यांनी खांदा दिला ते सगळे काका, मामा, आते, मावस. कॉलेजचा स्टाफ सोसायटीच्या गेटवरून नमस्कार करून परत गेलेला, परीक्षेचे दिवस होते. राहिले निमेशभाई.

"शिवदासभाई, जान हाजिर आहे," निमेशभाई म्हणाले, "पण मी तर गाडी पार्क करत होतो ना! अर्धा तास जागाच नाही मिळाली. आत आलो तेव्हा सगळं आटपलेलं. आता डोळ्यांनी बघितलं असं कसं लिहू? विम्याचं काम आहे. खोटं नाय लिहायचं." आयुष्यात पहिल्यांदाच निमेशभाईंनी एखाद्या गोष्टीची माहिती नसल्याचं कबूल केलं होतं, आणि तेही नेमकं आत्ता.

मग उरला एकच माणूस. स्मशानात शेवटपर्यंत उभा होता, विधी त्यानेच केला होता, गाव शेजारचं असल्यामुळे नातं नव्हतं, अक्षर सुरेख. लहू कासारे. मंडळाचे सचिव. ज्यांच्या वहीत 'वॉटर कूलर, स्टीलचा, फिल्टरसकट' असं लिहिलेलं होतं.

म्हणजे बघा, पैसे आले की कूलर येणार, पैसे यायला लहूभाऊंची सही पाहिजे, आणि कूलर दिल्याशिवाय लहूभाऊंसमोर उभं राहायला तोंड नाही. शिवदासने यावर उपाय काढला तो असा, की लहूभाऊ दिसले की पळायचं. हा उपाय कसा होता हे तुम्हीच ठरवा, पण त्याने तो महिनाभर मन लावून केला.

आणि लहूभाऊ दिसायचेही फार. भाजी मार्केटात दिसले, शिवदास कोथिंबीर टाकून पळाला. न्हाव्याकडे दिसले, शिवदास अर्ध्या मिशीने उठला. लहूभाऊ कधी कूलरचं नाव घेत नसत. लांबूनच हात वर करून नुसतं "जयभीम, शिवदास!" म्हणायचे आणि झपाझप त्याच्या दिशेने यायला लागायचे. शिवदासला ते न विचारणंच जास्त झोंबायचं. विचारलं असतं तर दोन शब्द खोटं तरी बोलता आलं असतं.

एकदा तर कॉलेजातून परतताना बसस्टॉपवर मागून "जयभीम!" ऐकू आलं. शिवदासने समोर आली ती बस पकडली. ती निघाली आरे कॉलनीची. झाडीतून, तबेल्यांवरून बस चालली आणि हा खिडकीशी बसून. बाबा चौतीस वर्षं याच रस्त्याने कामाला गेले. लहानपणी एकदा ते त्याला डेअरीत घेऊन गेले होते, बर्फासारख्या गार दुधाची बाटली दिली होती आणि म्हणाले होते, "आईला सांगू नको, घसा बसेल म्हणून ओरडेल." शिवदास शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला. तिथून घरी यायला दोन तास लागले.

"कुठे होतात?" दर्शनाने विचारलं.

"काम होतं."

"लहूभाऊ येऊन गेले," ती म्हणाली. "अहो, एकदा भेटा ना त्यांना. सही मागा. माणूस खाणार आहे का तुम्हाला?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला बांगड्या कळतात."

तो हातपाय धुवायला गेला.

पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दर्शनाने जाळीतून पाहिलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "या लहूभाऊ!" शिवदास बनियनवर पेपर वाचत होता. त्याने टॉवेल ओढला आणि थेट बाथरूम गाठलं. कडी लावली, नळ फुल्ल सोडला. खरं वाटावं म्हणून तोंडाला साबणही लावला.

पण सोसायटीचं पाणी अकराला जातं, हे तो विसरला. नळ दोनदा खोकला आणि बंद पडला. मग बाहेरचं सगळं लख्ख ऐकू यायला लागलं.

"जयभीम काकी. शिवदास आहे का?"

"आंघोळीला गेलाय," आई म्हणाली.

"मागे एकदा आलो तेव्हा पण आंघोळीलाच होता."

"स्वच्छ आहे पोरगा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काकी, आता तुम्हालाच सांगतो. महिनाभर त्याच्या मागे फिरतोय मी. सीतारामकाकांचे मयत फंडाचे पंधरा हजार पडून आहेत. चाळीस वर्षं काकांनी वर्गणी चुकवली नाही. फंडाला वारस म्हणून शिवदासचं नाव लिहून गेलेत, व्हाउचरवर त्याची सही पाहिजे. हिशेब बंद होत नाय, तपासनीस माझ्या डोक्यावर बसलाय. आणि हा मला बघितलं की पळतो! परवा माझ्यासमोर आरेच्या बसमध्ये चढला. तिथे काय काम काढलं त्याने?"

"मला वाटलं तुम्ही कूलरचं विचारायला येताय," दर्शना म्हणाली.

"छे छे वहिनी! घरातलं माणूस गेलंय, कूलरचं कोण विचारेल? झालं तर झालं."

साबण शिवदासच्या डोळ्यात गेला होता. धुवायला पाणी नव्हतं. महिनाभर जो माणूस पैसे हातात द्यायला धावत होता, त्याला बघून हा कोथिंबीर टाकून पळत होता.

"दर्शना," आईचा आवाज आला, "तो विम्याचा कागद आण गं. लहू, तू होतास ना स्मशानात?"

"होतो म्हणजे काय काकी! विधी मीच केला ना."

"मग इथं सही कर."

पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "एवढंच होतं?" लहूभाऊ म्हणाले. "मग बोलला का नाही तो?"

"लाज वाटली त्याला."

"माझी?"

"तुझी, माझी, सगळ्यांची." आईने कागदाची घडी घातली. "आणि कूलरचं मी बघते. पैसे माझ्या नावावर येणार आहेत."

"काकी, काही घाई नाय."

"मला आहे. ऐक. जायच्या आधी ते सारखं थंड पाणी मागत होते. ह्याने फ्रिजमधल्या बाटल्या काढून ठेवल्या होत्या. खोकला वाढेल म्हणून. डॉक्टर बोलला होता, पोराचं चुकलं असं मी नाय म्हणत. शेवटच्या दिवशी पण मागितलं. मी उठले, तर हा म्हणाला, आई, नको. मी बसले." आईचा आवाज तसाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मग त्या दिवशी माइकवर बोलला, बाबांना थंड पाणी फार आवडायचं. मला वाटायचं ह्याला ठाऊकच नाय. ठाऊक होतं तर."

आत शिवदास स्टुलावर बसला. त्या दिवशी पहिल्या रांगेतून आईने मान वर करून पाहिलं होतं ते त्याला आठवलं, आणि तो अभिमान नव्हता हेही कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते त्याला मनापासून वाटलं. पण तिसरा मजला होता, खाली पाटकरांचं स्वयंपाकघर होतं.

"शिवा," आईने हाक मारली, "पाणी गेलंय रे कधीचं. आता ये बाहेर."

तो आला. कोरडा ठणठणीत, एका कानाला साबण, डोळे लाल. लहूभाऊंनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि हसू दाबत हात वर केला. "जयभीम."

"जयभीम," शिवदास म्हणाला. त्याने व्हाउचरवर सही केली. आईकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही. "आई," तो कागदाकडे बघत म्हणाला, "तुला विचारायला हवं होतं मी. पैशांचं. आणि... सगळ्याचंच."

"विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं," आई म्हणाली. "तोंड पूस आधी."

पैसे तिसऱ्या आठवड्यात आले. निमेशभाईंनी सांगितलं, मी म्हटलं नव्हतं? करंगळीच्या ठशावर आईने पैसे काढले. आधी दर्शनाच्या बांगड्या सोडवल्या, मग रतन केटररचं बिल दिलं, मग कूलर घेतला, स्टीलचा, फिल्टरसकट.

"आणि उरलेले?" शिवदासच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"उरलेले माझे," आई म्हणाली.

कूलर बसला त्या रविवारी वंदनेनंतर विहाराबाहेर रांग लागली. शिवदास सगळ्यात मागे उभा होता. त्याने लहूभाऊंना गाठून आधीच सांगितलं होतं, की फंडाच्या पंधरा हजारांतून नवी पाटी करा. बाबांचं नाव मोठं, आईचं त्याखाली, माझं नकोच. लहूभाऊंनी आईला विचारलं. आईने पाटीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर लावत ती वाचली. साक्षरतेच्या वर्गात शिकली होती, सावकाश वाचायची. रांग थांबून राहिली.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तशीच. पाणी पिताना माणसं वर बघतात. बघू देत."

रांगेत दोनचार जण हसले. शिवदासचे कान तापले. पण आईने त्याला पुढे बोलावलं, पेला हातात दिला आणि म्हणाली, "भर."

त्याने भरला. पेल्यावर बाहेरून लगेच घाम आला, एवढं गार पाणी. आईने तो तोंडाला लावला.

"आई, हळू, फार गार आहे," शिवदास म्हणाला, "खोकला होई—"

अख्ख्या रांगेने त्याच्याकडे पाहिलं. मग वर पाटीकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

आईने पेला सावकाश संपवला, पदराने ओठ टिपले आणि रिकामा पेला त्याच्यापुढे धरला.

"हा त्यांचा," ती म्हणाली. "भर अजून एक."

शिवदासने काठोकाठ भरला.